त्यांनाच विचारा

मी हे लिहितो आहे ते बडेबाबूंना अजिबात आवडलं नसतं. समोर हजर नसलेल्या माणसाविषयी बोलायचं नाही, वाईट तर नाहीच, पण होता होईल तो चांगलंही नाही, असा ज्याचा नियम, त्याच्यावर चार पानं खरडणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखंच आहे. म्हणून मी त्यांचं नाव लिहीत नाही. तेवढं मी त्यांच्यासाठी करतो. बाकी सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून त्यांनी मला जो ताप दिला, तो लिहायचा हक्क माझा मला आहे.

अहेरीला आमचं लाकडाच्या डेपोचं ऑफिस होतं. साहेब आठवड्यातले चार दिवस दौऱ्यावर, त्यामुळे ऑफिस म्हणजे हेडक्लार्कच. आमच्याकडे हेडक्लार्कला बडेबाबू म्हणतात. हे आमचे बडेबाबू मूळचे अलिबागकडचे. जातीने, धर्माने, काय म्हणायचं ते म्हणा, बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. बदली होऊन इकडे आले आणि परत जाण्यासाठी त्यांनी एकही अर्ज केला नाही. गडचिरोली जिल्ह्यातून बदली मागितली नाही असा सरकारी नोकर मी तरी दुसरा पाहिला नाही.

ज्यू म्हणजे काय हे अहेरीत कुणाला ठाऊक असणार? त्यांच्या दाराच्या चौकटीवर आत धर्मवचनाचा कागद असलेली एक नळकांडी तिरकी ठोकलेली होती. ती बाहेरबाधेसाठी आहे असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं, की आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. आमचा स्टोअरकीपर तेली समाजाचा. तो हे ऐकून उठूनच उभा राहिला. "मंग आपन भाऊबंदच झालो ना बडेबाबू!" तेव्हापासून दर वर्षी तो त्यांना समाजाच्या मेळाव्याचं निमंत्रण आणून द्यायचा आणि हे दर वर्षी जायचे. फक्त मेळावा शनिवारी नसला पाहिजे.

शनिवार हा माझ्या संसाराला लागलेला वेगळाच भोग होता. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असे. उरलेल्या शनिवारी बडेबाबू रजा टाकत आणि त्याबदली रविवारी एकटे येऊन काम उरकत. म्हणजे शनिवारची सगळी डाक, साहेबांचे फोन आणि बांबूच्या ठेकेदारांची कटकट माझ्या गळ्यात. त्यांचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत काम, प्रवास, पैसा सगळं वर्ज्य. म्हणून शुक्रवारी ऊन कलंडलं की त्यांचं पेन बंद. पत्र अर्धं असलं तर अर्धं. एकदा "आपणास कळविण्यात येते की" एवढंच लिहून ते उठले. काय कळवायचं होतं ते सोमवारपर्यंत मलाही कळलं नाही.

बाजाराच्या दिवशी त्यांच्याबरोबर मासळी घ्यायला जाणं म्हणजे अब्रूचे धिंडवडे. खवले असलेलाच मासा त्यांना चालायचा. बिनखवल्याचा मांगूर नाही, झिंगे नाहीत. रोहू असला तरी हा माणूस उकिडवा बसून नखाने खवला उचकटून बघणार. सिरोंचाकडची तेलुगू बोलणारी मासळीवाली त्यांना बघितलं की कपाळावर हात मारून घ्यायची. मी चार पावलं मागे, कुणी ओळखू नये म्हणून तोंड फिरवून उभा.

पण हे सगळं सोसता आलं असतं. जीव खाल्ला तो त्या न बोलण्याने.

अहेरीत तेव्हा विजेचा भरवसा नव्हता, टीव्ही असून नसल्यासारखा. माणसाची करमणूक ती काय? दुपारी चार वाजता मडावी शिपाई चहा आणायचा आणि कोण कुणाकडे जातो, कुणाची बायको माहेरी का बसली, याचा निवांत हिशेब लागायचा. विषय निघाला की बडेबाबू आपला कप उचलून व्हरांड्यात जात. तिथे भिंतीकडे तोंड करून चहा पीत. त्यांची ती पाठ दारातून दिसत राहायची आणि आमच्या बोलण्यातली सगळी चव जायची.

व्हरांड्यात नाही गेले तर त्याहून वाईट. एकदा स्टोअरकीपरची बायको दोन महिने माहेरी का आहे यावर मी माझं मत मांडत होतो. बडेबाबूंनी शांतपणे मडावीला हाक मारली. म्हणाले, "स्टोअरकीपरांना बोलवा. त्यांच्याविषयी प्रश्न आहे, त्यांनाच विचारा." स्टोअरकीपर हात पुसत आला आणि "का म्हणता?" म्हणून माझ्यापुढे उभा राहिला. मी त्याला खिळ्यांच्या पेट्या किती उरल्यात ते विचारलं. त्याने खरोखर जाऊन मोजून आणल्या.

चांगलं बोलायलाही त्यांची बंदी. नवीन आलेल्या साहेबांची मी स्तुती करत होतो तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, तुम्ही चांगलं म्हणालात की तिसरा माणूस 'पण' म्हणणार. आणि खरंच, तोंडातला शब्द खाली पडायच्या आत स्टोअरकीपर म्हणाला, "साहेब चांगले हायेत, पन..." बडेबाबू कप घेऊन व्हरांड्यात.

त्यांच्यापाशी उजवीकडून उघडणारं एक जुनं हिब्रू पुस्तक होतं, आजोबांनी समासात मोडीत लिहून ठेवलेलं. जेवणाच्या सुट्टीत ते वाचत. आमच्यात म्हणतात, असं ते कधीतरी सांगायचे, चहाडीने तिघं मरतात. करणारा, ऐकणारा आणि ज्याची केली तो. मडावी कपबश्या गोळा करत होता. तो म्हणाला, "मंग आपल्या हापिसात कोनी जित्तं हाये का?" बडेबाबू पोट धरून हसले. हसत नसत असं नाही.

रजेचे अर्ज त्यांच्याकडे यायचे. अर्जात कारण लिहावं लागतं, आणि माणूस कारण खरं लिहितो तेव्हा आपल्या घराचं दारच उघडतो. बडेबाबू अर्ज वाचत, शेरा मारत आणि कागद उपडा ठेवत. कुणाचं ऑपरेशन, कुणाची कोर्टाची तारीख, सगळं त्या उपड्या गठ्ठ्यात. पुढे जे झालं ते त्या गठ्ठ्यातून झालं, म्हणून हे सांगितलं.

माझी धाकटी बहीण कुंदा. तिच्यासाठी स्थळ आलं. मुलगा आमच्याच समाजाचा, सिरोंच्याला सरकारी नोकरीत, आणि मी अहेरीला येण्याआधी दोन वर्षं आमच्याच डेपोत क्लार्क होता. कुरखेड्याहून बाबांनी कळवलं, की पोराची चौकशी कर, तुझ्या बडेबाबूंनी त्याला दोन वर्षं जवळून पाहिला आहे. साखरपुडा पुढच्या रविवारी, म्हणजे दहा दिवसांवर ठेवला होता. पाहुण्यांना सांगणंही झालं होतं.

आपल्याकडे लग्नाआधी चौकशी करतात म्हणजे काय करतात? मुलाच्या ऑफिसात जायचं, पानठेल्यावर विचारायचं, शेजाऱ्याकडे पाणी प्यायचं. लोक आडून आडून सांगतात. कुणी गप्प बसला तर त्या गप्प बसण्यावरूनही कळतं. पण ह्या माणसाच्या गप्प बसण्यावरून काय ओळखायचं? हा तर सगळ्यांविषयीच गप्प. देवमाणसाबद्दल विचारा, दरोडेखोराबद्दल विचारा, पाठ तीच, व्हरांडाही तोच.

तरी मी विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "त्यांनाच विचारा."

मी म्हटलं, बडेबाबू, हा चहाच्या वेळचा विषय नाही. बहिणीच्या जन्माचा प्रश्न आहे.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या पुतण्याचं रक्त नागपूरला तपासलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं तपासलं होतं ना?"

 माझ्या मोठ्या भावाच्या पोराला सिकलसेल होता. रक्ताचा आजार. थंडी पडली की सांध्यांत असं दुखायचं की पोर गुरासारखं ओरडायचं. तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात घरच्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. माझं साफ निघालं. कुंदाचं अर्धं निघालं. म्हणजे तिला स्वतःला काही त्रास नाही, पण नवऱ्याचंही रक्त तसंच अर्धं असलं तर पोरांना पूर्ण आजार व्हायची भीती. हे मीच रजेच्या अर्जात लिहिलं होतं आणि वर बडेबाबूंजवळ बसून रडलोही होतो.

"मुलाकडच्यांना हे सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

सांगितलं नव्हतं. बाबांचं म्हणणं ठरलेलं. "अर्धंच हाये. तिले का होते? काऊन सांगाचं? लगन मोडन." आणि खरं सांगायचं तर माझंही तेच म्हणणं होतं.

मला संताप आला. मी मुलाची चौकशी करायला गेलो आणि हा गृहस्थ माझीच चौकशी करतो! मी म्हटलं, "तुमाले काय करा लागते बडेबाबू?" ते म्हणाले, "मला काहीच करायचं नाही. तुम्हाला करायचं आहे." आणि पेन उचलून जावक क्रमांक टाकायला लागले.

त्या रविवारी ते ऑफिसला आले नाहीत. सिरोंच्याची बस धरून गेले. त्या रस्त्याने तेव्हा माणूस जायचा तो हाडं मोजत परत यायचा. सोमवारी मी विचारलं, मुलाला भेटलात? म्हणाले, भेटलो. काय बोललात? "तुमच्याशी बोललो तेच." मला वाटलं, टाळताहेत. मी त्यांना त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांदेखत वाटेल तसं बोललो. तुमचा धर्म तुमच्यापाशी, तुम्हाला माणसाची किंमत नाही, इथवर बोललो. निदान तोंडावर बोललो, एवढंच. ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत मी वाट बघतो. कशाची, ते नाही सांगितलं.

शुक्रवारी रजा टाकून मी कुरखेड्याला गेलो. कुणाला काही सांगितलं नाही. मुलाकडूनही काही आलं नाही.

शनिवारी दुपारी एकच्या सुमारास आमच्या अंगणात मांडवाचं कापड बांधणं चाललं होतं. आई आणि बाया चिरोट्यांची परात पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मी मान वर केली तर फाटकात बडेबाबू. डोक्यावर टोपी, अंगात शनिवारचा पांढरा सदरा. मागे पिशवी घेऊन मडावी, तोंड फुगवलेलं.

मी माझ्या डोळ्यांनी या माणसाला शनिवारी घरापासून नदीच्या पलीकडे गेलेलं पाहिलं नव्हतं. आणि आता अहेरीहून कुरखेडा, दोन बस बदलून. मडावी माझ्यापाशी येऊन तणतणला, "याईले आज पैशाले हात नाई लावाचा. तिकिटं म्या काढली, पानी म्या घेतलं. माह्या सुट्टीचा दिवस गेला ना बाप्पा."

बाबांनी खाटेवर बसवलं, चहा सांगितला. बडेबाबूंनी चहाला हात लावला नाही. ते बाबांना म्हणाले, मी मुलाबद्दल सांगायला आलेलो नाही, तुमच्याबद्दल बोलायला आलोय. मग त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण एवढं लांब ते कधीच बोलले नव्हते.

"आमच्या धर्मग्रंथात एका दमात दोन गोष्टी सांगितल्यात. इकडचं तिकडे करत फिरू नको. आणि दुसऱ्याचा जीव जात असताना नुसता उभा राहू नको. इतके दिवस मी पहिली पाळली. जीव वाचवायला शनिवार मोडता येतो. पण इथे तर पोर अजून जन्मलेलंच नाही. मग मोडता येतो का? दोन दिवस मला ठरवता येईना. शेवटी आलो. चूक असली तर माझी. उद्या नारळ देण्याआधी तुमच्या मुलीच्या रक्ताचं त्यांना कळलं पाहिजे. तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगणार."

बाबा उभे राहिले. आमच्या घरातलं आहे, तुम्ही कोण, असं काहीसं म्हणाले. मी मध्ये पडलो ते बाबांच्या बाजूने पडलो. ते लिहिताना आजही लाज वाटते.

कुंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. तिने तो खाटेजवळ ठेवला आणि म्हणाली, "मीच सांगतो. मोठ्या दादाच्या पोराचे पाय रोज म्याच शेकतो ना बाबा. मले मालूम हाये ते का असते."

बसस्टँडजवळ एसटीडी बूथ होता. मुलाच्या घरमालकाकडे फोन होता, तो लागला. मी काचेबाहेर उभा. कुंदाने एक वाक्य सांगितलं, तेवढं मला दिसलं. मग ती नुसती ऐकत राहिली. मग तिने तोंडावर हात धरला.

बाहेर येऊन ती म्हणाली, "त्याचंबी अर्धंच हाये, दादा." त्याच्या बहिणीच्या मुलाला हाच आजार होता. त्यानेही तपासलं होतं, त्यानेही रजेच्या अर्जात लिहिलं होतं, त्याच्याही घरी काऊन सांगाचं म्हणून दाबलं होतं. बडेबाबू सिरोंच्याला जाऊन त्यालाही तेच बोलले होते जे मला बोलले, आणि तोही माझ्यासारखाच गप्प बसला होता. घरी चालत येताना कुंदा एवढंच म्हणाली, "चांगला होता रे पोरगा. म्या सांगतल्यावर त्यानं एका मिनिटात सांगून टाकलं." आणि रडली. 

मांडवाचं कापड सोडलं. बाबा खाटेसमोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुमाले दोघाईचं मालूम होतं. मंग पयल्याच दिवशी काऊन नाई सांगतलं? आठ दिवस आमाले टांगून ठेवलं."

बडेबाबू म्हणाले, "त्याचं तुम्हाला सांगितलं असतं, तर त्याच दिवशी तुमचं त्याला सांगायला हवं होतं. चाललं असतं तुम्हाला?"

 बाबा बैलांना पाणी दाखवायला म्हणून गोठ्याकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

येताना शनिवार मोडला तो मोडला, जाताना मोडायचा नाही म्हणून हे महाशय चांदण्या दिसेपर्यंत आमच्या अंगणात बसले. सोबत आणलेली भाकरी खाल्ली. आमच्या घरचं अन्न नको. आईचा जीव तीळतीळ तुटत होता. ती मला म्हणाली, "लगन त मोडलं, आता जेवून तरी जा म्हना त्याईले." मी नाही म्हटलं. मी त्यांना बसमध्ये बसवून द्यायलाही गेलो नाही.

पुढे सहा महिने मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. गावात लग्न मोडल्याच्या शंभर कहाण्या झाल्या. पोरीचं कुठे काही होतं, पोराने आधीच दुसरीशी घर केलं होतं, हुंड्यावरून फिसकटलं. मला रोज वाटायचं, आज हा माणूस म्हणेल, माझं चुकलं. किंवा म्हणेल, तुम्ही शेवटी बरं केलंत. काहीच नाही. चार वाजता चहा, विषय निघाला की व्हरांडा. मी एकदा चिडून त्यांच्या मागे व्हरांड्यात गेलो. दोघं भिंतीकडे तोंड करून चहा प्यायलो. त्यांनी माझ्यासाठी थोडं सरकून जागा केली.

दोन वर्षांनी कुंदाचं लग्न झालं. वडशाकडचं स्थळ. त्यांची मंडळी मुलगी बघायला आली तेव्हा पोहे यायच्या आत बाबांनीच रक्ताचं सांगितलं.  मग त्या मंडळींनी मुलाचं रक्त तपासून घेतलं, साफ निघालं. तोपर्यंत बडेबाबू निवृत्त होऊन निघून गेले होते. लग्नाला आले नाहीत. लग्न शनिवारी होतं, आणि ती तारीख धरणारा मीच.

लग्नात व्याही माझ्याशेजारी जेवायला बसले होते. सहज म्हणाले, बोलणी सुरू व्हायच्या आधी आम्ही तुमच्या ऑफिसात येऊन गेलो होतो, चौकशीला. तुम्ही दौऱ्यावर होता. एक म्हातारे बाबू भेटले, निवृत्तीला आठ दिवस राहिले होते म्हणे. त्यांना विचारलं, ही माणसं कशी आहेत?

 मी विचारलं, काय म्हणाले?

"काई जास्त बोलले नाई," व्याही म्हणाले. "त्यांनाच विचारा म्हने. मंग आमी उठलो, त मागून म्हने, ते खरं सांगतात."

सहा वर्षं टेबलाला टेबल लावून बसलो, पण त्या माणसाने माझ्याविषयी एक बरा शब्द काढला नाही. आणि काढला तो माझ्या पाठीमागे, स्वतःचा नियम मोडून. तोसुद्धा खोटा. आम्ही कुठे खरं सांगत होतो? आयुष्यात एकदा सांगितलं, ते कुंदाने सांगितलं, आणि तेही हा माणूस अंगणात येऊन बसला म्हणून.

पण आता त्याला काय करणार? ते बोलून बसले. तेव्हापासून घरात कुणी काही विचारलं की बाबा माझ्याकडे बघतात, मी बाबांकडे बघतो, आणि खरं सांगावं लागतं.

असा छळ.